जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि तिची टक्केवारी: गैरसमज व वस्तुस्थिती

चार-पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडतो, किंवा ९८ वरून बघता बघता ७० वर येतो. या तक्रारीमागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: मोजणी चुकलेली असते, बॅटरीची क्षमता घटलेली असते, किंवा तिच्यातला एखादा सेल निकामी झालेला असतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, त्यामुळे खर्चाआधी नेमके कारण ओळखणे इथल्या वापरकर्त्याच्या विशेष फायद्याचे आहे.

गैरसमज १: टक्केवारी म्हणजे उरलेल्या ऊर्जेचे थेट मोजमाप.

वस्तुस्थिती: लिथियम-आयन बॅटरीत किती ऊर्जा उरली हे थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. बॅटरीतली एक चिप आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विद्युतप्रवाहाचा हिशेब ठेवते आणि व्होल्टेजशी त्याचा ताळा करते. सामान्य सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास असतो. मधल्या टप्प्यात मात्र व्होल्टेज फार हळू उतरते. त्यामुळे खरा ताळा बॅटरी पूर्ण भरल्यावर किंवा संपत आल्यावरच जमतो. लॅपटॉप महिनोन्‌महिने चार्जरलाच जोडलेला राहिला, की बारीकसारीक चुका साचत जातात.

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते. हा आकडा संवेदकातल्या बिघाडामुळे आल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. बॅटरीच्या बाबतीतही एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. त्याची दुसऱ्या नोंदींशी पडताळणी करावी लागते.

गैरसमज २: १०० टक्के म्हणजे बॅटरी नवी असताना भरत होती तितकीच भरली.

वस्तुस्थिती: टक्केवारी आजच्या क्षमतेवर काढली जाते, मूळ क्षमतेवर नाही. मूळ आणि आजची क्षमता विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी मिळतात. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवर’ आणि ‘सीएफजी’ ही अक्षरे जोडून, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे रोमन लिपीत टाइप करावे. तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे आकडे पाहावेत. समजा, पहिला ४८,००० आणि दुसरा २८,८०० मिलीवॉट-तास आहे. म्हणजे बॅटरी मूळच्या ६० टक्केच उरली. पडद्यावर ५० टक्के दिसत असताना तिच्यात नव्या बॅटरीच्या जेमतेम ३० टक्के ऊर्जा असते. बॅटरी लवकर संपते ती यामुळे. इथे मोजणीचा दोष नाही.

गैरसमज ३: मध्येच बंद पडतो म्हणजे व्हायरस आहे किंवा विंडोज बिघडले.

वस्तुस्थिती: वय वाढते तसा सेलचा अंतर्गत रोध वाढतो. व्हिडिओ कॉल किंवा जड सॉफ्टवेअर सुरू झाले, की जास्त प्रवाह ओढला जातो आणि व्होल्टेज एकदम खाली येते. बॅटरीत तीन-चार सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातला सर्वांत कमकुवत सेल किमान मर्यादेला पोहोचला, की बाकीच्यांत ऊर्जा असूनही चिप सुरक्षिततेसाठी सगळा पुरवठा तोडते. यावर सोपी चाचणी आहे: चार्जर काढून लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर सुरू ठेवावा. तिथे विंडोज चालत नसते. तरीही तो अचानक बंद पडला, तर विंडोज पुन्हा टाकण्यावर पैसे घालवू नयेत.

गैरसमज ४: कॅलिब्रेशन केले की बॅटरी पुन्हा ताजी होते.

वस्तुस्थिती: कॅलिब्रेशनने फक्त मोजणी सुधारते, गेलेली क्षमता परत येत नाही. त्यासाठी बॅटरी पूर्ण भरून लॅपटॉप आणखी एक-दोन तास चार्जरवर ठेवावा. मग आपोआप स्लीपमध्ये जाण्याची सेटिंग बंद करून, हलके काम करत तो स्वतःहून बंद होईपर्यंत वापरावा. काही तास तसाच राहू द्यावा आणि नंतर मध्ये न थांबता १०० टक्के भरावा. यानंतर रिपोर्टमधली क्षमता आधीपेक्षा कमी दिसली तर घाबरू नये. आता आकडा वास्तवाच्या जवळ आला आहे. दोनदा असे करूनही लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर सेलच खराब झाला असल्याची शक्यता मोठी.

गैरसमज ५: बॅटरी दर आठवड्याला शून्यावर आणावी.

वस्तुस्थिती: हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला असा ‘मेमरी’ दोष सहसा नसतो. उलट वारंवार पूर्ण रिकामी केल्याने ती लवकर झिजते. कॅलिब्रेशन दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही आकडे विसंगत दिसू लागले तरच करावे.

गैरसमज ६: चार्जर लावून ठेवला तर बॅटरी ओव्हरचार्ज होते.

वस्तुस्थिती: बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबते. नुकसान होते ते सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत राहिल्यामुळे. भरलेली बॅटरी वर्षभर २५ अंशांत ठेवली तर साधारण २० टक्के क्षमता गमावते. ४० अंशांत हीच घट ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. नागपूरचा मे महिना ४३-४५ अंशांचा, आणि २३ मे २०१३ रोजी तर इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. उन्हात उभ्या कारमध्ये किंवा गादीवर लॅपटॉप ठेवू नये. ‘८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा’ अशी सोय असल्यास ती चालू करावी.

भर दुपारी ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असे दिसले, तरी लगेच चार्जर बदलायला धावू नये. बॅटरीचे तापमान साधारण ४५ अंशांपलीकडे गेले, की अनेक लॅपटॉप चार्जिंग रोखतात. मशीन बंद करून, थंड होऊ देऊन मगच पुन्हा तपासावे.

गैरसमज ७: कुठलीही नवी बॅटरी बसवली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: लिथियम बॅटरी न वापरताही जुनी होते. त्यामुळे सीताबर्डीतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, उत्पादनाची तारीख, व्होल्टेज, पार्ट नंबर आणि भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हासोबतचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. नव्या बॅटरीचा रिपोर्ट पहिल्याच दिवशी काढून ठेवला, तर पुढे तुलना करता येते. फक्त सेल बदलून घेण्याचा स्वस्त पर्याय टाळावा; जुन्या चिपमध्ये जुन्याच सेलचा हिशेब राहतो आणि टक्केवारी पुन्हा चुकते.

टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर टक्केवारीचा विचार बाजूला ठेवून लॅपटॉप तत्काळ बंद करावा. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, आणि चार्ज तर मुळीच करू नये. ती पेट घेऊ शकते. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती वेगळी ठेवून अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी लागते.