आयसीयूत झोप येत नाही; मग झोपेचं इंजेक्शन द्यावं का?

“सिस्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झोपेचं इंजेक्शन द्या ना!” आयसीयूच्या दारात आम्हा परिचारिकांना ही विनंती नेहमीच ऐकायला मिळते. अंबड, परतूर, भोकरदनहून जालन्याला किंवा पुढे घाटीत आणलेल्या रुग्णाच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. विनंती मायेची असते, पण प्रत्येक वेळी ती रुग्णाच्या हिताची असतेच असं नाही.

आयसीयूत झोप का लागत नाही? मशीनचे आवाज, चोवीस तास दिवे, रात्री-बेरात्री रक्त काढणं, वेदना, श्वासाची नळी. रुग्णालयाच्या खोलीत रात्री आवाज ३० डेसिबलपर्यंतच असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयसीयूत तो बहुधा याहून बराच जास्त असतो.

औषधाने येते ती गुंगी. गुंगी म्हणजे खरी झोप नव्हे. मिडॅझोलम, लोराझेपामसारख्या औषधांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, भ्रम होण्याचा धोका वाढतो. नुसत्या झोपेसाठी प्रोपोफॉल वापरू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मेलाटोनिन हे अंधार पडला की मेंदूत तयार होणारं संप्रेरक. त्याची गोळी सौम्य असते, पण २०१८ च्या एका आढाव्यात आयसीयूतले चारच अभ्यास सापडले, मिळून १५१ रुग्ण. तेवढ्यावरून उपयोग सिद्ध झाला नाही. मग आधी काय करावं? रात्री दिवे मंद, आवाज कमी, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी. याला खर्च फारसा नाही.

रुग्ण बडबडतो, नळ्या ओढतो, नसलेली माणसं दिसतात म्हणतो. ही बाहेरची बाधा नाही, वेडही नाही. हा आजारामुळे होणारा भ्रम आहे. अंगारे-उतारे नकोत, लगेच डॉक्टरांना सांगा.

घरच्यांनी एवढं करावं:
• रुग्ण घरी रोज झोपेची गोळी किंवा दारू घेत असेल, तर पहिल्याच दिवशी न लाजता सांगा. ती एकदम बंद झाली की थरथर, झटके येऊ शकतात. तेव्हा मात्र हीच औषधं उपचार ठरतात.
• चष्मा, कानाचं मशीन आणून द्या.
• भेटीत वार, वेळ, घरची खबर सांगा. हात हातात घ्या.
• “हे औषध कशासाठी? किती दिवस?” हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

सुट्टी मिळाल्यावर कागदावर झोपेची गोळी लिहिलेली असेल, तर ती कधी आणि कशी बंद करायची हे विचारूनच घरी जा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या ‘एच-वन’ यादीतल्या आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. शेजारणीच्या डब्यातली गोळी आपल्या आईला देऊ नका.