पहिली किक मारण्याआधी

बोरी-जिंतूर पट्ट्यात गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याआड एखादी राजदूत अजून सापडते. एस्कॉर्ट्‌सची ही १७३ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. दिसली की हात शिवशिवतात, पण किक मारायची नाही! गंजून धरलेली पिस्टन रिंग सिलिंडर ओरबाडते. प्लग काढून भोकातून दोन चमचे ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. अडलं तर जोर नको, आणखी ऑइल आणि आणखी एक रात्र.

जुनं पेट्रोल ओतून टाका. सुकून त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. एअर फिल्टरही उघडा; उंदरांना ती जागा फार आवडते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा.

खरा दगा ऑइल सीलचा. वर्षानुवर्षं पडून ते कडक होतात, क्रँककेस बाहेरची हवा ओढतं आणि इंजिन आपोआप रेस होऊन तापतं. इंजिन उघडून सील बदलणं खर्चिक, पण पिस्टनपेक्षा स्वस्त. ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला ५० मिली टू-टी ऑइल घाला. धूर मात्र होणारच, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

राजदूतऐवजी बुलेट असेल तर क्रँककेसमध्ये झिरपून साचलेलं ऑइल आधी काढा.