काजऱ्याचं चित्र आणि कोचीचे वैद्य

काजऱ्याचं पिकलेलं फळ दिसायला थेट लहानसं संत्रं. गोल, गुळगुळीत, केशरी. आतल्या गरात बटणासारख्या चपट्या, करड्या बिया असतात आणि त्यातलं स्ट्रिक्निन माणसाचा जीव घेतं. याच बिया वैद्य शुद्ध करून कुचला म्हणून औषधात वापरतात. अशा झाडाची ओळख चुकून चालत नाही. देठाजवळूनच पानात तीन ते पाच ठळक शिरा निघतात, ही त्याची एक खूण. नुसती वाचली तर विसरायला होते, चित्रात पाहिली की लक्षात राहते.

सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा प्रमुख हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ करायला घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात ७४२ वनस्पती आहेत, पहिल्याच खंडात काजरा आहे. मजकूर मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, तिथून डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये गेला. एवढ्या प्रवासात एखाद्या विषारी झाडाचं वर्णन कुठेही घसरू शकलं असतं. चित्रांनी ते सावरलं. कोचीत ताजी झाडं समोर ठेवून चितारलेली ही चित्रं हॉलंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. छपाईत रंग नाही, म्हणून सगळी भिस्त रेषेवर.

ग्रंथ ऱ्हीडच्या नावाने ओळखला जातो, पण झाडं ओळखून देणारे इथलेच होते. चेरतलाजवळच्या कडक्करपळ्ळीचे इट्टी अच्युदन आणि कोचीतले तीन कोकणी वैद्य: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. आपण सुमारे दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम केल्याचं तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलं. कोकणीतलं, नागरी लिपीतलं ते पत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. त्या काळातल्या युरोपीय ग्रंथात देशी जाणकारांना असं नावानिशी श्रेय मिळालेलं क्वचितच दिसतं. ऱ्हीडचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

शेवटचा खंड त्याने पाहिला नाही. १६९१ मध्ये सुरतेला जाताना मुंबईजवळ समुद्रातच तो वारला.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस भारतात कधीच आला नाही, तरी १७५३ मध्ये काजऱ्याला शास्त्रीय नाव देताना त्याने ऱ्हीडच्या ग्रंथाचा दाखला दिला. त्याने नाव दिलेल्या काही जातींचा वाळवलेला नमुना उपलब्धच नाही. तिथे अभ्यासक आजही ‘हॉर्टस’मधलं चित्रच अधिकृत नमुना मानतात.