माळावरचा तोतया

नळदुर्ग ओलांडून अणदूरकडे निघाले की हैदराबाद महामार्गालगतच्या माळांवर आणि बांधांवर पिवळ्या फुलांचा तरवड दिसू लागतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो माजतो. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. तुळजापूर तालुक्याला याहून वेगळी ओळख सांगायला नको. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र हे मानाचे झुडूप तोतया ठरते.

ज्याचा हा तोतया, ती सोनामुखी. पोट साफ करणारी तिची पाने तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावाने जगभर जातात. त्यांतली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून मोडली गेल्यावरच काम करू लागतात. त्याला आठ-दहा तास जातात, म्हणून औषध रात्री घ्यायचे. तरवड त्याच कुळातला, पाने दिसायला जवळची, पण हा गुण त्यात नाही. भेसळीला आणखी काय हवे?

वनौषधींची अशी खरी-खोटी पारख करणारे शास्त्र म्हणजे फार्माकॉग्नोसी. भारतभर बी.फार्म.च्या कित्येक तुकड्या ते शिकल्या त्या सी. के. कोकाटे, ए. पी. पुरोहित आणि एस. बी. गोखले या तीन प्राध्यापकांच्या पुस्तकातून. पुण्याच्या निराली प्रकाशनाने त्याच्या पन्नासहून अधिक आवृत्त्या काढल्या. कोकाटे पुढे वरंगळचे काकतीय विद्यापीठ आणि बेळगावचे केएलई विद्यापीठ, अशा दोन ठिकाणी कुलगुरू झाले. फार्मसीच्या शिक्षकासाठी ही मोठीच मजल. तरी हे पुस्तक मला कुलगुरुपदांहून वरचढ वाटते. पदांच्या याद्या कोण वाचतो? हे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री सगळेच वाचतात.

प्रॅक्टिकलला पानाचा तुकडा क्लोरल हायड्रेटमध्ये उकळतात. हिरवा रंग उतरतो, पान काचेसारखे पारदर्शक होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शिरांची जाळी उघडी पडते. एका चौरस मिलिमीटरमध्ये या जाळीची किती घरे बसतात ते मोजायचे. चौकटीच्या रेषेवर कापली गेलेली घरे लगतच्या दोन बाजूंची धरायची, उरलेल्या दोन बाजूंची सोडायची. नाहीतर आकडा फुगतो. तिरुनेलवेलीच्या सोनामुखीत तो साधारण 19.5 ते 22.5 येतो, तर अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीत 25 ते 29.5. नुसत्या घरांच्या मोजणीवरून पान कोणत्या देशीचे ते कळते!

तरवड ओळखायला एवढाही खटाटोप लागत नाही. सोनामुखीच्या पानावरची लव आखूड आणि खरबरीत, तरवडाची लांब. शिवाय पानावर 80 टक्के सल्फ्युरिक आम्ल घातले की तरवड किरमिजी रंग दाखवतो. भुकटी करून मिसळला तरी हा रंग त्याला लपवता येत नाही.

बाकी तरवड टाकाऊ मुळीच नाही. त्याची साल कातडी कमावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि कोकाटे जिथे कुलगुरू होते ते वरंगळ ज्या तेलंगणात आहे, त्या राज्याचे तर हे राज्यफूल. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि बतुकम्माच्या सणात त्याचे थर रचतात.