विषय येणे आणि विषय शिकवता येणे

आपल्या मंडळातील बरेच सभासद इंजिनिअर, डॉक्टर, नाहीतर संगणकवाले. मुले हायस्कूलला गेली की, शाळेतल्या शिक्षकांना आपल्याइतका तरी विषय येतो का, ही शंका घरोघरी निघते. शंका रास्त आहे. पण शिक्षकाला 'विषय येणे' म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे.

अमेरिकेत सरकारी हायस्कूलच्या शिक्षकाला साधारणपणे राज्याचा परवाना लागतो. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण आणि बहुतेक राज्यांत विषयज्ञानाची परीक्षा, असे त्याचे टप्पे. अनेक राज्ये त्यासाठी 'प्रॅक्सिस' परीक्षा घेतात.

ही परीक्षा आपल्यापैकी अनेकजण सहज पास होतील. पण तेवढ्याने भागत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक ली शुल्मन यांनी १९८६ साली दाखवून दिले की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती यांच्या जोडीला शिक्षकाला आणखी एक ज्ञान लागते: तो विशिष्ट विषय मुलांपर्यंत कसा पोचवायचा आणि मुले त्यात कुठे चुकतात, याचे.

उदाहरण घेऊ. (क्ष + ३) चा वर्ग मुलगा 'क्षचा वर्ग अधिक ९' असा लिहितो. इंजिनिअर बाबा काट मारून सूत्र सांगतात. मुलगा ते पाठ करतो आणि पुढच्या महिन्यात विसरतो. जाणता शिक्षक म्हणतो, "क्ष च्या जागी १ घालून बघ." एकीकडे १६ येतात, दुसरीकडे १०. मग तो क्ष + ३ बाजूचा चौरस काढतो. दोन लहान चौरसांखेरीज ३क्ष क्षेत्रफळाचे दोन आयत उरतात. हरवलेले ६क्ष मुलाला डोळ्यांनी दिसतात.

अर्थात मुळात विषयच नसेल, तर हे कौशल्य येणार कोठून? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रिचर्ड इंगरसोल यांनी १९९० च्या दशकातील आकडेवारीवरून दाखवले की, माध्यमिक शाळांत गणित शिकवणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षकांनी गणित वा निकटचा विषय पदवीला मुख्य किंवा दुय्यम म्हणूनही घेतलेला नव्हता. त्यांच्या मते दोष केवळ प्रशिक्षणाचा नव्हता. वेळापत्रक भरण्यासाठी मुख्याध्यापक एका विषयाच्या शिक्षकाच्या गळ्यात दुसराच विषय बांधत होते.

२००२ साली अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने मुख्य विषयांच्या शिक्षकांना विषयातील प्रावीण्य सिद्ध करणे सक्तीचे केले. २०१५ च्या नव्या कायद्याने ही केंद्रीय अट काढून निकष राज्यांवर सोपवले. पालकांचा एक हक्क मात्र कायम राहिला. 'टायटल वन' अनुदान घेणाऱ्या शाळेत, आपल्या मुलाच्या शिक्षकाकडे त्या इयत्तेचा आणि विषयाचा परवाना आहे का, हे पालक विचारू शकतात. तसा परवाना नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे किंवा अधिक शिकवल्यास शाळेने आपण होऊन पालकांना कळवायचे असते.

हा हक्क जरूर वापरावा. त्यात उद्धटपणा नाही. परंतु परवाना विषयज्ञानाची खालची पायरी सांगतो, वरची नाही. वरची जाणून घ्यायची असेल, तर पालकसभेत शिक्षकांना एवढेच विचारावे: "या धड्यात मुले बहुधा कुठे अडतात?" ज्यांना विषय खरोखर शिकवता येतो, ते लगेच फळ्याकडे वळतील.