बांधणीचा विन्यास आणि मराठीची अक्षररूपे

१. निर्णय आणि कृती

एखादे काम एकदाच करावयाचे असेल, तर ते कसे केले हे करणाऱ्याच्या स्मरणात राहिले तरी भागते. तेच काम वर्षानुवर्षे, अनेक हातांनी आणि दरवेळी थोड्याफार निराळ्या परिस्थितीत करावयाचे असेल, तर मात्र दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढाव्या लागतात. काय करावयाचे ठरले आहे, ही पहिली. आणि ठरलेले कसे पार पाडावयाचे, ही दुसरी. पहिली गोष्ट निर्णयाची, दुसरी कृतीची. निर्णय कृतीत मिसळून गेला, की तो कोणी घेतला आणि का घेतला हे पुढच्या माणसाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

ह्या भेदाचे एक सुपरिचित उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील) हिवरे बाजार ह्या गावी आढळते. गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशातले. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील शेती खालावली व अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि मृद्-जलसंधारणाची कामे गावाने हाती घेतली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस पर्जन्यमापकावर मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, त्यावरून वर्षाचे उपलब्ध पाणी काढावयाचे. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवावयाचे. आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे. उसासारख्या भरमसाट पाणी पिणाऱ्या पिकांना आणि सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्याला तेथे मनाई आहे. पेरणी, पाणी देणे, काढणी ही कामे ज्याने त्याने आपल्या शेतात करावयाची असतात. पण ती कोणत्या मर्यादेत करावयाची, हा निर्णय एके ठिकाणी लिहिलेला आणि सर्वांनी ऐकलेला असतो.

संगणकाच्या क्षेत्रात ‘बिल्ड कॉन्फिगरेशन’ ह्या नावाने जे ओळखले जाते, त्याचे मर्म हेच आहे. प्रस्तुत लेखात बिल्डला ‘बांधणी’ आणि कॉन्फिगरेशनला ‘विन्यास’ म्हटले आहे. हा विषय अभियंत्यांचा आहे, भाषेच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. तथापि मराठी अक्षरे पडद्यावर व कागदावर कोणत्या रूपात उमटावीत, ह्याचा निर्णय आज पुष्कळदा ह्या विन्यासातच होत असतो.

२. बांधणी म्हणजे काय

सॉफ्टवेअर माणूस ज्या रूपात लिहितो, त्या रूपात ते यंत्राला उपयोगी पडत नाही. मूळ लेखनावर एकामागून एक संस्कार करून यंत्राला चालणारी वस्तू तयार करावी लागते. ह्या संस्कारपरंपरेला बांधणी म्हणतात. प्रत्येक संस्कार करणारे साधन स्वतंत्र असते, आणि प्रत्येकाला देण्याच्या सूचनाही स्वतंत्र असतात. पूर्वी ह्या सूचना कमांड लाइनवर, म्हणजे पडद्यावरील आज्ञेच्या ओळीत, एकेक करून लिहिल्या जात. कोणत्या वस्तूची सिद्धी कोणत्या वस्तूवर अवलंबून आहे हे एका पत्रकात लिहून ठेवावे आणि त्यावरून आवश्यक तेवढीच कामे यंत्राने करावीत, ही कल्पना १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ह्या साधनाच्या रूपाने साकार केली. नंतरची अनेक साधने ह्याच कल्पनेची संतती होय.

साधने वाढली तशी त्यांच्या सूचनाही वाढल्या. मग अनेक साधनांना आपल्या हाताखाली घेणारे, एकच विन्यासपत्र वाचणारे आणि एकाच आज्ञेने सर्व संस्कार क्रमाने घडवून आणणारे साधन निघाले. त्यास ‘रॅपर’ म्हणतात. ह्या शब्दाचा वाच्यार्थ वेष्टन असा आहे. परंतु तो फसवा आहे. वेष्टन नुसते झाकते. हे साधन काम वाटून देते, क्रम लावते आणि काम झाले की नाही ते पाहते. त्याची खरी तुलना मुकादमाशी करता येईल. मुकादम स्वतः कुदळ मारीत नाही. कोणी कोठे कधी मारावी, हे तो ठरल्याप्रमाणे सांगतो.

३. फॉन्टची बांधणी

मराठीच्या संदर्भात ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण फॉन्टचे आहे. फॉन्ट हेही सॉफ्टवेअरच होय. अक्षरकाराने काढलेले आराखडे हे त्याचे मूळ लेखन, आणि संगणकावर बसविता येणारी फाईल हे त्याचे फळ. मुंबईच्या एक टाइप ह्या अक्षरकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ हे फॉन्टकुल सात वजनांत उपलब्ध आहे. सात वजनांच्या कोणत्याही कुलाच्या छपाईसाठी व जालासाठी अशा वेगळ्या फायली करावयाच्या म्हटल्यास त्या चौदा होतात. त्यातच मराठी वळणाची व हिंदी वळणाची अशा दोन आवृत्त्या हव्या असतील, तर अठ्ठावीस. प्रत्येक फाईल चारपाच संस्कारांतून जाते. इतक्या आज्ञा हाताने लिहिताना एखादी सूचना एका फायलीत द्यावयाची व दुसरीत विसरावयाची, हे सहज घडू शकते.

गूगल फॉन्ट्सच्या साधनसंचातील ‘जीएफटूल्स बिल्डर’ हे अशा कामाचे रॅपर साधन आहे. ते यामल ह्या साध्या लेखनपद्धतीतील विन्यासपत्र वाचते, त्यावरून कामांची तपशीलवार यादी तयार करते आणि ती ‘निन्जा’ नावाच्या दुसऱ्या साधनाकडे सोपविते. आराखड्यांची फाईल बनविणे हे काम प्रत्यक्षात ‘फॉन्टमेक’ करते. वापरणाऱ्याने लिहावयाची आज्ञा मात्र एका ओळीची असते : साधनाचे नाव आणि त्यापुढे विन्यासपत्राचे नाव. विन्यासपत्रातील मूळ शब्द रोमन लिपीत असतात. त्यांचा आशय मराठीत मांडला, तर अशा पत्राचे स्वरूप साधारणतः पुढीलप्रमाणे दिसेल :

मूळ आराखडे : देवनागरी, रोमन
वजने : सात
ल आणि श यांची रूपे : मराठी
राखावयाची वर्णे : ळ, ऱ, ॲ यांसह
फळ : छपाईची फाईल, जालाची फाईल

ह्या पाच ओळींत अभियांत्रिकीचा भाग थोडा आणि भाषेचा भाग मोठा आहे, हे चटकन ध्यानात येईल.

४. एका वाक्याची परीक्षा

पाण्याच्या ताळेबंदाविषयी एखाद्या ग्रामपंचायतीला पत्रक काढावयाचे आहे आणि त्यात पुढील वाक्य आहे, असे समजू : ‘शेतकऱ्यांनी ताळेबंद पाहून लागवड करावी.’ वाक्य साधे आहे; पण देवनागरीतील मराठीचे वेगळेपण दाखविणाऱ्या चार गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत.

पहिला श आणि ‘लागवड’ मधील ल. युनिकोडमध्ये मराठी ल व हिंदी ल यांना एकच संकेतांक आहे. श चेही तसेच. त्यामुळे कोणते रूप उमटावे हे संकेतांकावरून ठरत नाही, फॉन्टवरून ठरते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे प्रमाण मानली. हिंदीत दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श रूढ आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही जोड्या ठेवून, मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण मिळाली म्हणजे मराठी जोडी दाखवावी, अशी सोय करता येते. परंतु मजकुराला ती खूण जोडण्याची दक्षता फार थोडे लोक घेतात. आणि खूण नसली की हिंदी रूपे उमटतात. दुसरा मार्ग असा, की बांधणीच्या वेळीच मराठी रूपे मूळ स्थानी बसवून स्वतंत्र आवृत्ती काढावी. ह्या दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावयाचा, हे विन्यासात लिहिले जाते.

तिसरी गोष्ट ‘शेतकऱ्यांनी’ मधील अर्धा र. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास ह्या जोड्यांवरून मराठीत रफार व हा अर्धा र यांचा भेद अर्थभेदक आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. युनिकोडमध्ये हा र लिहिण्याच्या एका रीतीत ऱ हे वर्ण लागते. चौथी गोष्ट ‘ताळेबंद’ मधील ळ. जालावरील पाने लवकर उघडावीत म्हणून फॉन्टमधील अनावश्यक अक्षरे बांधणीच्या वेळी छाटली जातात. काय आवश्यक, ह्याची यादी केवळ प्रमाण हिंदी मजकुरावरून बनविली असेल, तर ळ आणि ऱ त्यातून गळण्याचा पूर्ण संभव आहे. आणि २००८ साली युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत दाखल झालेला ॲ जुन्या याद्यांत असणारच नाही. मग पत्रकातील ताळेबंदाचा ळ दुसऱ्याच कुठल्या फॉन्टमधून उसना येतो, किंवा त्याच्या जागी रिकामी चौकट उभी राहते.

५. न लिहिलेला निर्णय

येथे व्याकरणातील एका तत्त्वाचे स्मरण उपयुक्त ठरेल. मराठीत प्रथमेला प्रत्यय नाही. तथापि ‘राम आला’ ह्या वाक्यात राम विभक्तिहीन आहे असे वैयाकरण म्हणत नाहीत. प्रत्ययाचा अभाव हाही अर्थवाही असतो. पाणिनीय परंपरेत लोपाची कल्पना ह्याच जाणिवेतून आलेली आहे. विन्यासपत्राचेही तसेच आहे. जे त्यात लिहिलेले नसते ते अनिर्णीत नसते. त्याविषयीचा निर्णय साधनाच्या कर्त्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो. देवनागरीच्या बाबतीत हे न लिहिलेले मूल्य बहुधा हिंदीचे असते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही; देवनागरी वापरणाऱ्यांत हिंदी भाषकांची संख्या सर्वांत मोठी आहे, एवढेच त्याचे कारण. परिणाम मात्र असा होतो, की हिंदी ही अचिन्हित आणि मराठी ही चिन्हित बनते. अचिन्हिताला काही सांगावे लागत नाही. चिन्हिताने प्रत्येक वेळी स्वतःला नोंदवावे लागते. विन्यासपत्र हे ती नोंद करण्याचे ठिकाण होय.

नोंद लेखी असण्याचा आणखी एक लाभ आहे. राज्य मराठी विकास संस्थेसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट सिद्ध झाला. पुढे त्याच संस्थेत निघालेल्या ‘शोभिका’ ह्या फॉन्टची देवनागरी अक्षरे यशोमुद्रेच्या आधारे घडविण्यात आली. खुल्या परवान्याच्या फॉन्टची परंपरा अशी एकाकडून दुसऱ्याकडे वाहत जाते. पुढच्या माणसाच्या हाती नुसती फळरूप फाईल आली, तर मागचे निर्णय त्याला अनुमानाने ओळखावे लागतात. आराखडे, विन्यासपत्र आणि त्यातील बदलांचा गिटसारख्या साधनात ठेवलेला इतिहास हाती आला, तर कोणता बदल कोणत्या दिवशी व कोणत्या कारणासाठी झाला, हे वाचता येते.

६. मर्यादा

ह्या साधनांवर सर्व भार टाकता येत नाही. विन्यास तोच आणि साधनाची आवृत्ती निराळी असेल, तर फळ निराळे येऊ शकते. यास्तव साधनांच्या आवृत्त्याही विन्यासाशेजारी लिहून ठेवाव्या लागतात. दुसरे असे, की मुकादमाशीच बोलण्याची सवय लागली म्हणजे मजुरांची ओळख राहत नाही. बांधणी मध्येच थांबली तर तक्रार बहुधा खालच्या साधनाकडून येते, आणि केवळ वरची आज्ञा जाणणाऱ्याला तिचा अर्थ लागत नाही. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. साधन पत्रात लिहिलेले निष्ठेने पार पाडते. लिहिलेले योग्य आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. छाटणीच्या यादीत ळ नसेल, तर ते अठ्ठावीसही फायलींतून तो सारख्याच दक्षतेने काढून टाकील.

हिवरे बाजारच्या ताळेबंदाला जे बळ आहे, ते कागदाचे नाही. आकडे ग्रामसभेपुढे वाचले जातात, त्यांवर बोलणे होते आणि मग सर्वांनी ते पाळावयाचे असतात, ह्यात ते आहे. मराठी फॉन्टच्या विन्यासपत्राभोवती अशी सभा क्वचितच भरते. हे पत्र साध्या मजकुराच्या स्वरूपात असते; ते वाचण्यास प्रोग्रामिंग यावे लागत नाही, आणि खुल्या प्रकल्पांत त्यावर सूचना करण्याची मुभा सर्वांना असते. असे असता लिपी, लेखन आणि व्याकरण ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते उघडून पाहू नये, हे अनाकलनीय आहे. कोणती वर्णे राखावीत, कोणते रूप मूळ धरावे आणि परीक्षेसाठी कोणती वाक्ये छापून पाहावीत, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे भाषेच्या अभ्यासकांकडेच आहेत. त्यांनी ती दिली नाहीत, म्हणून प्रश्न अनुत्तरित राहत नाहीत. त्यांची उत्तरे साधनातील न लिहिलेली मूल्ये देऊन टाकतात.