शिक्षेआधीचा कागद

फौजदारी खटल्यात सगळ्यांत कमी वेळ कशाला मिळतो, असे कोणी विचारले तर मी सांगेन, शिक्षेला. गुन्हा केला की नाही यावर वर्षानुवर्षे तारखा पडतात, पंच उलटतात, उलटतपासण्या होतात. मग एक दिवस न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवतात आणि विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का?" तो भांबावून वकिलांकडे बघतो. वकील उभे राहून ठरलेले वाक्य म्हणतात: तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया व्हावी. सरकारी वकील म्हणतात, कडक शिक्षा व्हावी. चहा थंड व्हायच्या आत विषय संपतो.

बरीच वर्षे झाली, एका तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून मी हे पहिल्यांदा ऐकले. चोरीचा खटला होता. मुलगा ओळखीतला होता म्हणून गेलो होतो. "घरी म्हातारी आई आहे," असे वकील म्हणाले तेव्हा मी दचकलो. त्याला आई नव्हती. तो सात वर्षांचा असताना ती गेली होती, आणि त्यानंतर त्याचे जे काही झाले ते तिथूनच झाले होते. वकिलांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यांनी कोणाला विचारले नव्हते.

मी कायद्याचा पदवीधर नाही. त्या दिवसानंतर जुने अधिनियम आणि निकालपत्रे वाचत गेलो, एवढीच माझी तयारी. वाचताना कळले की हे विचारण्याची जबाबदारी कायद्याने एका माणसावर टाकलेली आहे. तो म्हणजे परिविक्षा अधिकारी, बोलीत प्रोबेशन ऑफिसर. महाराष्ट्रात हे पद गृहखात्यात नाही, महिला व बालविकास विभागात आहे. बहुधा म्हणूनच न्यायालयाच्या आवारात त्याला ओळखणारे थोडे.

अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ सालचा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते असे गुन्हे सोडले, तर बाकी गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार कलम ४ न्यायालयाला देते. तसे करण्यापूर्वी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल असेल तर तो विचारात घ्यायचा. कलम ६ आणखी पुढे जाते. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवणे योग्य का, हे ठरवण्यासाठी न्यायालयाने अहवाल मागवलाच पाहिजे, आणि तरीही तुरुंग दिला तर कारणे लिहिली पाहिजेत. म्हणजे वीस वर्षांच्या पोराच्या बाबतीत हा कागद मेहेरबानीचा नाही, हक्काचा आहे. माझ्या ओळखीतला मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

ही कल्पना आपल्याकडची नाही. बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभाराने १८४१ साली एका दारुड्याला न्यायालयातून हमीवर सोडवून नेले आणि काही आठवड्यांनी सुधारलेल्या अवस्थेत परत आणून उभे केले, तिथून ती सुरू झाली असे मानतात. ऑगस्टस ज्याची हमी घ्यायचा त्याची आधी चौकशी करायचा. वय काय, स्वभाव कसा, संगत कोणाची. अहवालाचे मूळ या चौकशीत आहे. इंग्लंडने १९०७ मध्ये कायदा केला. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतःचा केला आणि देशाचा वीस वर्षांनी आला.

अहवाल तयार होतो तो असा. न्यायालयाचा आदेश आला की अधिकारी आरोपीला भेटतो, मग त्याच्या घरी जातो. आईवडील, शेजारी, शिक्षक, ज्याच्याकडे कामाला होता तो मालक, यांच्याशी बोलतो. शाळेचा दाखला पाहतो, पूर्वीचे गुन्हे आहेत का हे ठाण्यातून घेतो. आजार, व्यसन, कर्ज, घरातली भांडणे, गुन्ह्याच्या सुमारास घरात काय चालले होते, हे सारे नोंदवतो. आणि शेवटी, सोडले तर याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी आहे का, याबद्दल मत देतो. गुन्हा केला की नाही हा त्याचा विषय नव्हे.

चांगला अहवाल आणि वाईट अहवाल यांतला फरक मला एका गोष्टीत दिसतो: कोणी सांगितले ते लिहिले आहे की नाही. "आरोपी व्यसनी आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे. "आरोपी रोज दारू पितो असे चुलता सांगतो, चुलत्याशी जमिनीचा वाद आहे, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे तो कामावर कधी पिऊन आला नाही" हे उपयोगाचे. गावात भावकी कशी बोलते हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा फरक शिकवावा लागत नाही, पण छापील नमुन्यातल्या दोन ओळींच्या रकान्यात पहिलेच वाक्य बसते. कलम ७ प्रमाणे अहवाल गोपनीय असतो. मात्र न्यायालयाला वाटल्यास त्यातला मजकूर आरोपीला सांगता येतो आणि उलट पुरावा देण्याची संधी देता येते. चुलत्याच्या बाबतीत ही संधी फार मोलाची.

आता आमच्या भागाची अडचण. कलम ४ ला एक पोटअट आहे. आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे, राहण्याचे कायम ठिकाण किंवा नियमित कामधंदा असल्याची खात्री पटल्याशिवाय बंधपत्रावर सोडता येत नाही. कोपरगाव गोदाकाठचा साखरपट्ट्यातला तालुका. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात आणि पट्टा पडला की जातात. अशा कोपीतल्या तरुणाने हंगामात मारामारी केली तर त्याचे कायम ठिकाण कोणते? कोपी चार महिन्यांची. गाव दुसऱ्या जिल्ह्यात, आणि सहा महिने घराला कुलूप. त्याला ओळखणारी टोळी निकालाच्या दिवसापर्यंत पांगलेली. जामीनदार म्हणून उभा राहू शकेल असा एकच माणूस, मुकादम, आणि त्याच्याकडून तर उचल घेतलेली. आधीच अंगावर असलेल्या पैशांत न्यायालयाच्या हमीची भर पडली की तो पोरगा मुकादमाचा किती अंकित होईल, हे सांगायला नको. बंगल्यात राहणाऱ्याच्या पोराला ही अट दिसतसुद्धा नाही.

आणि माणसाबद्दल लिहिणे नेहमी त्याच्या भल्यासाठीच होते असेही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाची चौकशी न करताच अहवाल लिहून टाकला होता: अमक्या जातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. नोंदवहीचे नाव बदलले, तरी तिच्यातली माणसे बरीचशी तीच राहिली. आमच्या जिल्ह्यात पारध्यांच्या वस्त्या आहेत. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते हे कोणालाही विचारा. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आपण साहित्य म्हणून वाचतो. मला ते पुष्कळदा न्यायालयाने कधी न मागवलेला अहवाल वाटते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. हा रकाना तोवर होता, हे पुष्कळांना त्या दिवशीच कळले.

फाशीच्या खटल्यांत हाच प्रश्न जीवाचा होतो. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहा, असे बच्चनसिंग खटल्यात १९८० सालीच ठरले. पण पाहायचे कोणी, कसे, हे मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालापर्यंत कोणी नीट सांगितले नव्हते. बालपण, आईवडिलांचे छत्र, हिंसा वा हेळसांड, शिक्षण, गरिबी, मानसिक आजार, तुरुंगातली वागणूक ही माहिती सरकारने खालच्या न्यायालयातच सादर केली पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले.

उशिराची किंमत पुण्यातल्या एका खटल्यात दिसते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये एका घरात सात जणांची हत्या झाली. १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्यांत राजस्थानातून आलेला एक जण होता. न्यायालयाच्या कागदांत त्याचे वय विशीच्या आसपास होते. त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२, आणि नावही खटल्यातल्या नावाहून वेगळे. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने हे २७ मार्च २०२३ रोजी मान्य करून त्याला सोडले, तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. गुन्हा भयंकर होता. मेलेल्यांत लहान मुले होती. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी सुनावली गेली, कारण खटला चालू असताना त्या गावी जाऊन रजिस्टर उघडायला कोणाला सांगितले गेले नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला २००३ चा खटला आणखी बोचतो. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना खुनाच्या आणि बलात्काराच्या आरोपाखाली खालच्या न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखले होते. सहांपैकी एक जण त्या वेळी अल्पवयीन होता. परिविक्षा अहवालाने ते निर्दोष ठरले नसते, हे मी आधीच सांगितले. ते त्याचे काम नाही. पण त्यांच्या पालावर जाऊन वय विचारणारा एक जरी माणूस पाठवला असता तर सहातला एक तरी फाशीच्या कोठडीत गेला नसता.

मुलांसाठी कायदा आता बराच स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे ठेवायचा असतो, आणि त्याचा नमुना पुष्कळ तपशिलाचा आहे. पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधावर देशभर संताप झाला. तो समजण्यासारखा होता. पण त्या गदारोळात हा अहवाल कुठे आहे, त्यात काय आहे, असे विचारणारा मजकूर माझ्या वाचनात फारसा आला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आली आहे. कोणाला कोणते काम झेपेल, हेही शेवटी त्याच्या घरी जाऊनच कळणार.

ज्यांच्या ओळखीत एखादा विशीतला पोरगा न्यायालयात उभा आहे, त्यांना एक सांगतो. दोषी ठरल्यावर शिक्षेच्या सुनावणीआधी, कलम ६ चा उल्लेख करून अहवाल मागवावा असा अर्ज वकिलामार्फत देता येतो. साध्या कागदावरचा एक पानाचा अर्ज असतो तो. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हते. मुलाला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि निकालपत्रात शिक्षेच्या परिच्छेदात लिहिले होते की आरोपीच्या घरी म्हातारी आई असल्याचे त्याच्या वकिलांनी सांगितले.